चौथा बोल्ट

"नाणं घ्या, भावजी."

"नको म्हटलं ना, वहिनी."

"पात्याची वस्तू फुकट घरात घेत नाहीत. नाती तुटतात."

"मी काय सुरी दिली का तुम्हाला? यंत्र आहे ते. तेही गंजकं."

"सुरीला एकच पातं असतं. याला वीसेक तरी आहेत. किती नाती तोडायचीत तुम्हाला?"

विलोतिये हसला. पण हसता हसता त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले, हे स्तामेनाच्या नजरेतून सुटलं नाही. वीस दिनारचं नाणं तिच्या तळहातावर तसंच राहिलं. अंगणात उभ्या असलेल्या त्याच्या ट्रॉलीत ते धूड पडलं होतं. माणसाहून लांब लोखंडी पट्टी, पट्टीला कंगव्यासारखे जाडजूड दाते, दात्यांच्या फटीत अडकून बसलेली तिकोनी पाती आणि सगळ्यावर शेणामातीचा लेप. ट्रॅक्टरच्या कुशीला टांगून गवत कापायचं जुन्या काळचं यंत्र.

"आधी चालतंय का बघा," विलोतिये म्हणाला. "चाललं तर घेईन नाणं. नाही चाललं तर भंगार. भंगाराचं कसलं आलंय नाणं?"

"आणलंत कुठून?"

"सांगितलं की. बनातातनं. तिकडच्या सपाटीवर एक म्हातारा होता, शेती विकून मुलाकडे राहायला चालला होता."

"आणि त्याला बघून तुम्हाला माझी आठवण झाली."

"सख्ख्या भावाची बायको आहात. होऊ नये का?"

"व्हावी की. पण एवढी वर्षं झाली नव्हती, म्हणून विचारलं."

विलोतिये ट्रॉलीकडे वळला. त्यानं आणि त्याच्या मुलानं यंत्र ओढून शेडच्या दाराशी टाकलं, आणि कॉफीलाही न थांबता दोघं निघून गेले. कुंपणापलीकडे शेजारीण ल्युबिंका मघापासून एकच चादर वाळत घालत होती. ट्रॉली वळणाआड गेली तशी चादर सोडून ती आत आली.

"काय गं, दिरानं सोनं दिलं आणि तू तोंड कडू केलंस."

"सोनं माती फासून कुणी देत नाही," स्तामेना म्हणाली.

ती संशयी आहे, हे ब्रेझ्ना गावात पोराटोरांनाही माहीत होतं. दुकानातून आणलेली साखर ती घरच्या तराजूत पुन्हा तोलायची. गुरांचा डॉक्टर आला की सुई टोचू देण्याआधी औषधाची बाटली हातात घ्यायची, तारीख त्याला मोठ्यानं वाचायला लावायची आणि मग तीच तारीख ल्युबिंकाकडून वाचून घ्यायची. पाद्री घरात मंत्रलेलं पाणी शिंपडून गेला की ही कोंबड्या मोजायला बसायची. "अगं, देवाचा माणूस तो," ल्युबिंका म्हणायची. "देवाचाच आहे," स्तामेना म्हणायची, "पण झगा केवढा रुंद शिवलाय बघ ना."

जन्मजात मात्र ती अशी नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा या घराच्या दाराला कडीच नव्हती, आणि तिलाही कधी हवीशी वाटली नाही. कडी आली ती सोसायटीच्या यंत्रानंतर.

गावाची शेतकी सोसायटी होती तेव्हाची गोष्ट. सोसायटीचा एक ट्रॅक्टर होता आणि त्याला लावायचं असंच एक गवत कापायचं यंत्र. दोन्ही स्तामेनाच्या नवऱ्याच्या, तिहोमिरच्या हाती. दुरुस्ती तोच करायचा, चालवायचा तोच, शेडची एकुलती एक किल्लीही त्याच्याच कोटात. सोसायटी बुडाली, तेव्हा थकलेल्या पगाराच्या बदल्यात ट्रॅक्टर तिहोमिरला द्यावा आणि यंत्राचा लिलाव करावा असं ठरलं. लिलावाच्या सकाळी शेड उघडलं, तर आत यंत्र नाही. कुलूप शाबूत. मग कुणी काही बोलायची गरजच उरली नाही.

त्याला चोर असं तोंडावर कुणी कधी म्हटलं नाही. फक्त संत पेत्राच्या सणाच्या आगेमागे गावात इर्जिक घालतात, सगळे पुरुष लांब दांड्याचे विळे खांद्यावर टाकून आज याच्या, उद्या त्याच्या कुरणात रांगेनं गवत कापतात, त्या बोलावण्यातून तिहोमिरचं नाव गळलं. तो कुणाच्या कुरणात नाही आणि त्याच्या कुरणात कुणी नाही. एकटाच चढावर विळा चालवत राहिला. एका उन्हाळ्यात कापता कापता खाली बसला, तो पुन्हा उठला नाही. स्तामेना डबा घेऊन वर गेली तेव्हा निम्मं कुरण कापलेलं होतं आणि निम्मं उभं.

त्यानंतर विलोतियेचा मुलगा आपल्या नव्या यंत्रानं तिचं कुरण कापायचा आणि कापणीपोटी निम्मं गवत न्यायचा. उरलेल्या निम्म्यात दोन गाईंचा हिवाळा निघत नव्हता. यंदा एक गाय विकायची, हे तिनं मनाशी पक्कं केलेलं. म्हणजे हे यंत्र चाललं तर तिची गाय वाचणार, आणि विलोतियेच्या घरी जाणारं निम्मं गवत थांबणार. मग हा माणूस स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेतोय? अडलं होतं ते इथंच.

"त्याचा मुलगा जुनं गवतघर पाडतोय," ल्युबिंकानं बातमी दिली. "पर्यटकांसाठी खोल्या बांधणार. खिडकीत फुलं, न्याहारीला आपलंच चीज, आणि पैसे शहराचे. असल्या धावपळीत तुझ्या तुकड्यात यायला त्याला फुरसत नसेल. म्हणून दिलं असेल."

"फुरसत नसली तर माणूस येत नाही. यंत्र विकत घेऊन देत नाही."

स्तामेनानं बाह्या सरसावल्या आणि खरवडणीनं माती काढायला सुरुवात केली. हत्यारं तिहोमिरचीच होती. तो होता तोवर ती त्याला पाने काढून देत असे, तो गेल्यावर पाने आपसूक तिच्या हातात आले. इतर बायका नवऱ्यामागं काळी ओढणी घेतात, हिनं ओढणीवर ग्रीसचे डागही घेतले. गावातल्या दोघातिघांचे पंप ती दुरुस्त करून द्यायची, पण दुरुस्त करायच्या आधी पंप ज्याचा त्याचाच आहे ना, हे विचारून घ्यायची.

मातीखाली हिरवा रंग निघाला.

"बघ," ल्युबिंका म्हणाली. मनात काय आहे ते तिनं आता बोलून टाकलं. "सोसायटीचं निळं होतं. हे ते नाही. उगाच जीव जाळू नकोस."

"रंगाचं सोड. याची पाटी कुठंय? इथं बनवणाऱ्याची पाटी असते. चार बारीक भोकं आहेत, पाटी नाही. आणि भोकांच्या कडा कानस मारल्यासारख्या."

"पडली असेल म्हातारपणी. माझे दात नाही पडले?"

"तुझे दात पडल्यावर हिरड्यांना कुणी कानस मारली का?"

मग ती पट्टीच्या टोकाच्या लोखंडी जोड्याकडे वळली. यंत्र जमिनीवरून घसरतं ते या जोड्यावर. तिनं तो उलटा करून अंगठा फिरवला. एका बाजूला बोटाएवढा जाड, दुसऱ्या बाजूला पत्र्यासारखा पातळ.

"ल्युबिंका, बनात कसा आहे गं? गेली होतीस ना भाचीच्या लग्नाला."

"परातीसारखा. अंगणात उभं राहिलं की तिसऱ्या गावातली कोंबडी दिसते."

"मग परातीवर चालणारा जोडा एकाच बाजूनं कसा झिजेल? हा उतारावर चाललेला आहे, जन्मभर. आणि हे दाते बघ, टोकं कशी मोडलीत. दगडांनी. तिकडे दगड आहेत का?"

"दगड?" ल्युबिंका विचारात पडली. "तिकडे लग्नात नवरीच्या भावाला कुत्र्यावर भिरकावायला एक दगड हवा होता, तर मिळाला नाही."

स्तामेनानं यंत्राच्या मोठ्या चाकाच्या टोपणाचा स्क्रू सोडवला, बोट आत घातलं, बाहेर काढून नाकाशी नेलं. पिवळंजर्द मऊ ग्रीस. वरून गंज आणि आतून ग्रीस ताजं. म्हणजे इतकी वर्षं कुणीतरी याला आतून जपलं होतं, आणि देताना वरून माती चोपडली होती.

तिच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते भलतंच होतं. कुठूनतरी उचललेला माल आहे, आपल्या शेडमध्ये टाकलाय, आणि उद्या पोलीस येतील. नवरा तसा बायको तशी, म्हणतील. कुरण मग विलोतियेच्या मुलाच्या खोल्यांसाठी मोकळं. दोन दिवस तिनं यंत्राला हात लावला नाही. शेडला मात्र दुसरी कडी घातली, घराच्या दारालाही.

तिसऱ्या दिवशी वरून ढग उतरल्यासारखे झाले आणि कुरणातल्या गवताला पिवळी झाक आली. ती कुंपणाशी गेली.

"ये गं. यंत्र चढवायचंय. तू साक्षीदार. एकेक बोल्ट डोळ्यांनी बघायचा आणि उद्या कुणी विचारलं तर सांगायचा."

"मला बोल्टातलं काय कळतं?"

"म्हणूनच तू खोटं बोलू शकणार नाहीस."

यंत्रानं तिला नीट छळलं. पात्यांची पट्टी दात्यांत अशी गंजून बसली होती की डिझेल पाजून, लाकडी ठोकळा लावून हातोडीनं टोले घालावे लागले, तेव्हा कुठं ती बोटभर सरकली. पाती बोथटलेली होती. ती तिनं दगडावर एकेक लावली, दोन मोडकी होती त्यांचे रिव्हेट उडवून नवी बसवली. चाकाचा झटका पात्यांपर्यंत पोचवणारा लाकडी दांडा लांबीभर तडकलेला. त्यासाठी तिनं माळ्यावरचं राखून ठेवलेलं अ‍ॅश झाडाचं लाकूड काढलं, त्याचा दांडा तासला. पण दांडा जरा लांब झाला, पातं दात्याच्या मधोमध न थांबता पुढं जायला लागलं. पुन्हा काढला, पुन्हा तासला. पुन्हा लांब. ल्युबिंका बादलीवर बसून म्हणाली, "केकसारखं थोडं थोडं कापतेस. एकदाच काप की."

"जास्त कापलं तर तुझी जीभ जोडून लांब करू?"

शेवटी पातं डावीकडे गेलं की दात्याच्या बरोबर मधे, उजवीकडे गेलं की बरोबर मधे थांबायला लागलं. आता उरलं होतं ते सोसायटीकडून मिळालेल्या त्या ट्रॅक्टरच्या पोटाला ब्रॅकेट बसवणं. स्तामेनाला धास्ती होती ती याचीच. एका घरचं जुनं यंत्र दुसऱ्या घरच्या जुन्या ट्रॅक्टरला सुखासुखी बसलंय, असं तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. भोकासमोर भोक येत नाही, आलं तर बोल्ट तिरका जातो, कानस मारावी लागते, ड्रिल घ्यावं लागतं, शिव्या द्याव्या लागतात. तिनं कानस, ड्रिल, पातळ-जाड वायसर असं सगळं पोत्यावर मांडून ठेवलं होतं. शिव्याही तयार होत्या.

ल्युबिंकानं कुंपणाचा वासा यंत्राखाली घालून उचल दिली. स्तामेना ट्रॅक्टरखाली उताणी शिरली. पहिला बोल्ट गेला. बोटांनीच. दुसराही तसाच. तिसरा.

"चौथा जायचा नाही," ती खालून म्हणाली. "चौथ्या भोकात तुटका बोल्ट अडकलाय, सोसायटीच्या काळापासून. तिहोमिरनं त्याच्यावर दोन बोटं वर दुसरं भोक पाडलं होतं. जगातलं कुठलंही ब्रॅकेट त्या भोकावर येणार नाही. ते ड्रिल दे."

ल्युबिंकानं पायानंच ड्रिल आत सरकवलं. पण स्तामेनानं ते उचललं नाही.

"काय झालं गं? वासा जड होतोय."

ब्रॅकेटच्या चौथ्या कोपऱ्याला वरच्या अंगाला लोखंडाचा एक कान वेल्डिंग करून जोडलेला होता. कानाला भोक होतं. आणि भोकाच्या बरोब्बर मागं तिहोमिरनं ठोकलेली लाकडी खुंटी दिसत होती, पाणी जाऊ नये म्हणून नव्या भोकात बसवलेली. तिनं पकडीनं खुंटी उपसली. बोल्ट लावला. दोन बोटांनी फिरवला आणि तो लोण्यात सुरी जावी तसा शेवटपर्यंत गेला.

"बसला?"

"बसला."

"चारही? अगं, मग देवच पावला म्हणायचा."

"देवाला दोन बोटं वर भोक पाडायचं काय कारण होतं?" स्तामेना म्हणाली. तिनं बोल्ट पुन्हा काढला, खिळ्याच्या टोकानं कानाच्या भोकाची आतली कड खरवडली, आणि खिळा बाहेर ल्युबिंकापुढं धरला. टोकावर रंगाचा कपटा होता. निळा.

ल्युबिंकानं वासा हळूच खाली टेकवला. खिळा हातात घेऊन तिनं तो कपटा उजेडाकडे धरला, आणि तिला सगळं कळलं.

ट्रॅक्टरखाली पडल्या पडल्या स्तामेनाला ती रात्र आठवली. लिलावाच्या आदली. विलोतियेकडे घराण्याच्या संताचा दिवस होता, भाजलेलं डुक्कर, राकिया दारू, गाणी. तिहोमिरला चढली होती आणि तो धाकट्या भावाकडेच झोपला होता. कोट भावाच्या खुंटीला. चोरी करायला फार अक्कल लागली नसेल. सकाळी आरडाओरडा झाला आणि मग माल ना विकता येईना, ना वापरता येईना. मग गवतघरात गवताखाली. वरून हिरवा रंग. दरवर्षी ग्रीस. आता गवतघरच पडणार, भंगारवाला येणार, म्हातारी माणसं यंत्र ओळखणार.

इथवर तिचा तिलाच हिशेब लागत गेला. पुढं लागेना. पोत्यावर पडलेली खुंटी तिनं हातात घेतली. आलुबुखाऱ्याच्या लाकडाची होती, जुनी, पण ओलसर चकचकीत. दर शरद ऋतूत तिहोमिर ट्रॅक्टरखाली जायचा, ही खुंटी काढायचा, ग्रीस लावायचा, पुन्हा ठोकायचा. "कशाला एवढी उठाठेव?" ती विचारायची. "गंज नको चढायला," तो म्हणायचा. जे यंत्र गेलंच आहे, त्याच्यासाठी माणूस भोक साफ कशाला ठेवतो?

मेलेल्या माणसावर तिनं आजवर कधी संशय घेतला नव्हता. तो तिला पहिल्यांदाच आला, आणि तो बाकी सगळ्यांपेक्षा जड होता.

तिनं बोल्ट आवळले, ट्रॅक्टर सुरू केला आणि अंगणातच उभ्या उभ्या यंत्राला गती दिली. पात्यांची कटकट कटकट सुरू झाली. दाट, चिरकी, एकसारखी. त्या आवाजावर ब्रेझ्न्यातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी एके काळी गवत गोळा केलं होतं. तिनं आवाज थोडा वेळ चालू दिला. मग बंद केला, हात धुतले, नवा टेबलक्लॉथ घातला, काचेच्या बशीत मुरांब्याचा चमचा आणि पाण्याचा पेला मांडला. बशीच्या कडेला वीस दिनारचं नाणं ठेवलं.

विलोतिये आला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"चाललं म्हणायचं."

"चाललं. बसा. मुरांबा घ्या."

तो बसला. चमच्याला हात लावला नाही. "मुलानं आवाज ऐकला. म्हणाला, काकूनं करून दाखवलं."

"मी काय केलं? पहिल्या फटक्यात बसलं. कानस लागली नाही, ड्रिल लागलं नाही. असं जुनं यंत्र बघितलंत कधी?"

"नशीब तुमचं."

"चौथा बोल्टसुद्धा बोटांनी गेला."

विलोतियेनं पेला उचलला, पाणी प्यायलं, पेला ठेवला. ठेवताना तो बशीला लागला आणि नाणं वाजलं.

"त्या म्हाताऱ्याचं नाव काय हो, बनातातल्या?"

"कोण लक्षात ठेवतो?"

"त्याच्या ट्रॅक्टरचाही चौथा बोल्ट तुटला होता का? आणि त्यानंही दोन बोटं वर भोक पाडलं होतं?"

"असेल. जुनी यंत्रं सगळी सारखीच असतात, वहिनी."

"बरं. सारखी असतात. मग नाणं घ्या."

"घरच्यांत कसलं आलंय नाणं?"

"चाललं तर घेईन, म्हणाला होतात. ल्युबिंकानं ऐकलंय."

"ल्युबिंका काय, सगळंच ऐकते," तो खिडकीकडे बघत म्हणाला. कुंपणापलीकडे तीच चादर पुन्हा दोरीवर चढत होती.

स्तामेना त्याच्यासमोर बसली. "उद्या संत पेत्राचा सण. चर्चच्या अंगणात सगळे असतील. मी ट्रॅक्टर घेऊन येते, यंत्रासकट. तिथं सगळ्यांसमोर हे नाणं घ्या आणि म्हणा, माझी वस्तू मी वहिनीला विकली. नाहीतर म्हणा की माझी नव्हती, आणि कुणाची ते सांगा. दोन्हींपैकी एक. मग निम्मं गवत काय, सगळं न्या. गाय मी विकेन."

"तो गेला, वहिनी. आता बोलून कुणाचं काय भलं होणार?"

"तो गेला तेव्हा निम्मं कुरण उभं होतं. वर एकटा होता. खालच्या कुरणात इर्जिक चालली होती, गाणी वरपर्यंत ऐकू येत होती. त्या रांगेत तुम्ही होतात, भावजी."

त्याची बोटं टोपीच्या कडेवरून फिरत राहिली. त्या बोटांच्या नखांत पिवळं काहीतरी होतं. ग्रीस असेल, नसेलही. तिनं ते पाहिलं. तिला विचारायचं होतं ते वेगळंच होतं.

"गावाचं राहू द्या," ती म्हणाली, आणि तिचा आवाज उतरला. "चर्चमध्ये नका येऊ हवं तर. मला एकटीला एक सांगा. तो त्या चौथ्या भोकातली खुंटी दरवर्षी साफ करायचा. यंत्र तुमच्याकडे आहे, हे त्याला माहीत होतं?"

विलोतियेनं नाण्याकडे पाहिलं. हात टेबलावरून थोडा पुढं आला, आणि तिला वाटलं, आता उचलतो. पण हात परत मांडीवर गेला. मग तो उठला. टोपी घातली, दाराची पहिली कडी काढली, दुसरी काढली. अंगणात ट्रॅक्टर सरळ वाटेतच उभा होता. त्याला वळसा घालून, यंत्र टांगलेलं नव्हतं त्या बाजूनं, तो फाटकाबाहेर पडला.